रिटर्न टू ईडन: नवऱ्याने तिला ओळखलं कसं नाही?

नौपाड्याची मावशी: 1983 ची ही ऑस्ट्रेलियन मालिका लेकीने लावून दिली. रेखाचा 'खून भरी मांग' हिच्यावरूनच, ठाण्यात व्हीसीआर भाड्याने आणून पाहिलेला. गर्भश्रीमंत स्टेफनीला नवरा ग्रेग मगरीच्या तोंडी देतो, जिवलग मैत्रीण जिलीही त्याला सामील. ती चेहरा बदलून टारा वेल्स होऊन परतते आणि ग्रेग तिच्यावरच भाळतो! अहो, चेहरा बदलला, पण आवाज? चाल? आई जिना चढायची तेव्हा डावी चप्पल जरा घासायची. मी दार उघडून उभी असायचे.

घोडबंदरकर: मावशी, त्याने तिच्याकडे कधी पाहिलंच नव्हतं. नजर इस्टेटीवर होती. मला जिलीचा जास्त राग येतो.

कळव्याची वकील: आपल्याकडे हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956, कलम 25 आहे. खून करणाऱ्याला मयताची इस्टेट वारसाने मिळत नाही. पण आधी खून सिद्ध व्हायला हवा. मगरीने खाल्लं म्हटलं की संपलं.

नौपाड्याची मावशी: घोडबंदरकर, पटलं. तिला पाण्यात ढकललं ते पाहवलं नाही, उठून ओट्यापाशी गेले. ग्रेग तिच्यावर भाळला तिथे मात्र रडू आवरेना. हेच प्रेम ती आधी मागत होती ना?