'एक काढलं तरी दुसरं आहेच' म्हणणाऱ्यांनो, जरा थांबा

कातावलेला: काल इथे एकाने ठोकून दिलं, 'वृषणात गाठ दिसली की काढून मोकळं व्हा, दुसरं आहेच.' अरे बाबा, हाताला लागणारी टणक गाठ वेगळी आणि मूल होत नाही म्हणून केलेल्या सोनोग्राफीत सापडलेली ६ मिलिमीटरची वेगळी. हाताला न लागणाऱ्या, मार्कर (रक्तातल्या कॅन्सरच्या खुणा) नॉर्मल असलेल्या अशा बारक्या गाठी बऱ्याचदा साध्या, म्हणजे कॅन्सर नसलेल्या निघतात, लायडिग सेलच्या (वृषणातल्या हार्मोन बनवणाऱ्या पेशींच्या) वगैरे. मग ठराविक अंतराने सोनोग्राफी करत राहा, नाहीतर तेवढीच गाठ काढून ऑपरेशन चालू असतानाच फ्रोझन सेक्शन बघा, म्हणजे तुकडा गोठवून लगेच तपासा. सरसकट कापायचं कशाला?

भावाचा_भाऊ: 'मार्कर नॉर्मल' ऐकलं की डोकं फिरतं माझं. निव्वळ सेमिनोमात (वृषणाच्या कॅन्सरचा एक प्रकार) एएफपी हा मार्कर वाढतच नाही, बीटा एचसीजी हा दुसरा मार्करही बऱ्याच जणांचा नॉर्मल असतो. माझ्या भावाचे सगळे रिपोर्ट क्लीन, गाठ दीड सेंटीमीटर, निघाला सेमिनोमा. वाट बघत बसला असता तर?

नवखा: मग सरळ सुई घालून तुकडा का नाही तपासत??

कातावलेला: नाही हो! कॅन्सरचा संशय असताना अंडकोशाच्या त्वचेतून सुई घालत नाहीत, पेशी पसरायची भीती. ऑपरेशनपण म्हणूनच जांघेतून.

एकांडा: काढा, ठेवा, काय ते करा. पण आधी स्पर्म बँकिंगचं, म्हणजे वीर्य गोठवून साठवायचं कोण बोलतंय का? मला ऑपरेशनआधी एका शब्दाने कुणी विचारलं नाही. नंतर केमो लागली, आता शुक्राणूंचा काउंट जवळपास शून्य.

भावाचा_भाऊ: वाईट झालं, पण दुसरं चांगलं असेल तर मुलं होतातच की.

एकांडा: 'असेल तर' काय! ज्यांना हा कॅन्सर होतो त्यांच्यातल्या अनेकांचा काउंट आधीच कमी असतो. लोकांना फुकटचा धीर देऊ नका.

लाजाळू३१: खरंय. मला तर बँकिंगचा फॉर्म सासऱ्यांसमोर हातात दिला, मी लाजून नको म्हणालो.

एकांडा: सासरे आत कशाला नेले??

लाजाळू३१: ते सोडा हो.

कातावलेला: मूळ मुद्दा राहिला बाजूला. तुमच्या भावाची दीड सेंटीमीटर होती ना, मी ६ मिलिमीटरचं बोलतोय. वाढली तर काढा, नाही कोण म्हणतंय?

भावाचा_भाऊ: बरं, तुम्ही थोर. ६ मिलिमीटरला थांबू. पण थांबणं म्हणजे दर तारखेला जाऊन तपासून घेणं, आणि दोन रिपोर्ट नॉर्मल आले की तिसऱ्याला फिरकत नाहीत ते पोरं तुम्ही बघितली नाहीत, मी बघितलीत.