मदत हवी आहे: ड्राय नीडलिंगसाठी (आखडलेल्या स्नायूत औषधाविना बारीक सुई घालणं) किती ट्रेनिंग लागतं, लेखी नियम कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी, मी फिजिओथेरपिस्ट, जुळे सोलापुरात छोटं क्लिनिक आहे. बीपीटी (फिजिओथेरपीची पदवी) झालंय, राज्याच्या ऑक्युपेशनल थेरपी-फिजिओथेरपी (ओटीपीटी) कौन्सिलचं रजिस्ट्रेशन चालू आहे. माझ्याकडे विडी कामगार बायका आणि टॉवेल कारखान्यातले लोक मान-खांदा आखडून येतात, त्यांना ड्राय नीडलिंगचा उपयोग होईल असं वाटतं म्हणून दोन दिवसांचा कोर्स केला. सर्टिफिकेट मिळालं, पण खरं सांगू, वरच्या ट्रॅपेझियसला (मान-खांद्याचा स्नायू) सुई घातली ती जोडीदारावर फक्त दोनदा, आणि तिथे स्नायू चिमटीत उचलून धरला नाही किंवा दिशा चुकली तर खाली फुफ्फुस आहे, न्यूमोथोरॅक्स (फुफ्फुसाभोवती हवा शिरणं) होऊ शकतो. म्हणून अजून एकाही पेशंटला सुई लावली नाहीये.

२०२१ चा अलाईड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा कायदा वाचला, त्यात फिजिओथेरपी आहे पण ड्राय नीडलिंगचे तास वगैरे काही सापडलं नाही. कौन्सिलला मेल केलाय, उत्तर नाही. कॉलेजच्या सरांना विचारलं तर ते म्हणाले सगळे करतात, कर. ते मला पटत नाही.

सुया एकदाच वापरायच्या, लेखी संमती, पांढरा शार्प्सचा (टोकदार कचऱ्याचा) डबा ही तयारी आहे, त्यामुळे ते नका सांगू. पुण्या-मुंबईला शनिवार-रविवारीच जाऊ शकते.

किमान किती तास आणि देखरेखीखाली किती सुया, असं लेखी परिपत्रक कौन्सिलचं किंवा २०२१ च्या कायद्याखालच्या आयोगाचं कुणी पाहिलंय का? आणि महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरचा वेगळा कायदा आहे, तर फिजिओने सुई वापरली की तिथलंही रजिस्ट्रेशन लागतं का?