टीबीची तपासणी उलटी आली, मदत हवी आहे

गोठ्यातली_ताई:
दोन गायींची टीबीची तपासणी झाली. महिनाभर खोकणारी, बरगड्या दिसायला लागलेली गाय स्वच्छ निघाली आणि ठणठणीत गाय संशयास्पद! औषध खराब होतं का? उद्याच पुन्हा टोचून घेऊ? लवकर सांगा.

दावणखुंटा:
मानेत की शेपटीखाली? सुई एका जागी की दोन? किती तासांनी मोजलं? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

गोठ्यातली_ताई:
मानेत, दोन जागी. भादरलेले चौकोन अजून दिसतात. डॉक्टरांनी ७२ तासांनी कॅलिपरने कातडीची घडी मोजली. ठणठणीत गायीला वर २ मिमी वाढ, खाली ५. तिथं बोट लावलं तर वाटाण्याएवढी गाठ लागते. खोकणारीला दोन्हीकडे शून्य.

दावणखुंटा:
वरच्या सुईत पक्ष्यांच्या टीबीच्या जंतूचा अर्क असतो, खालच्या सुईत गुरांच्या. फरक ३ मिमी, म्हणून संशयास्पद. ४ च्या वर गेला असता तर बाधित धरली असती. जॉन्स रोगाच्या (गुरांच्या आतड्यांचा आजार) जंतूंनीही कातडी सुजते, त्यासाठीच दोन सुया. औषध खराब असतं तर ही गाठ आली असती का? आणि उद्या मुळीच टोचू नका. एकदा टोचलं की कातडीचा प्रतिसाद काही आठवडे मंदावतो. किमान ४२ दिवस थांबा.

रक्तनळी:
४२ दिवस कशाला? इंटरफेरॉन गॅमाची रक्ततपासणी करा. जिवंत पांढऱ्या पेशींना जंतूची प्रथिनं दाखवून त्या किती इंटरफेरॉन सोडतात ते मोजतात. लागण लवकर कळते.

दावणखुंटा:
कळते, पण निरोगी जनावरंही त्यात अडकतात. शिवाय रक्त वेळेत प्रयोगशाळेत पोचलं नाही तर पेशी मरतात.

रक्तनळी:
टीबीच्या जंतूची ईसॅट-६ आणि सीएफपी-१० ही प्रथिनं वापरली तर चुकीने अडकणारी कमी होतात. ही प्रथिनं बीसीजी लशीच्या जंतूत नसतात.

पहाटवारा:
माझ्या मुलाला बीसीजी दिली आहे, त्याची कातडीची तपासणी बरोबर येईल का?

दावणखुंटा:
त्यासाठी वेगळा धागा काढा.

मधुघट:
माणसांच्या टीबीच्या गोळ्या द्या ना गायीला.

रक्तनळी:
कृपा करून असं सुचवू नका. गुरांच्या टीबीच्या जंतूवर पायराझिनामाइड, म्हणजे त्या गोळ्यांतलं एक औषध, चालतच नाही. उपचार महिनोन्‌महिने चालतात आणि तोवर गाय जंतू पसरवत राहते.

जुनी_पशुवैद्य:
ताई, खोकणारी कधी व्यायली?

गोठ्यातली_ताई:
१७ दिवस झाले. त्याचा काय संबंध?

जुनी_पशुवैद्य:
फार मोठा. नुकत्याच व्यायलेल्या गायीची कातडी नीट प्रतिसाद देत नाही. स्टेरॉइड दिलं होतं का?

गोठ्यातली_ताई:
कासेच्या सुजेवर एक इंजेक्शन दिलं होतं, नाव माहीत नाही.

जुनी_पशुवैद्य:
ते आजच डॉक्टरांना विचारा. तिसरं कारण मला जास्त छळतंय. रोग फार पुढे गेला की पेशींचा प्रतिसाद थकतो आणि कातडी गप्प बसते. रक्तात प्रतिपिंडं (अँटीबॉडी) मात्र वाढलेली असतात. या गायीची प्रतिपिंडांची तपासणी करून घ्या. कातडीत सुई टोचल्यानंतर २ ते ४ आठवड्यांत ती आणखी वर येतात. या गायीचं शून्य म्हणजे ती निरोगी आहे असं धरू नका. वासरू तिलाच लुचतंय का?

गोठ्यातली_ताई:
सकाळीच लुचलं. आत्ता सोडवते. दोघी एकाच गव्हाणीवर आहेत, कोणाला हलवू?

जुनी_पशुवैद्य:
दोघींनाही, पण एकत्र नको. पाण्याची बादलीसुद्धा वेगळी. वासराला दुसऱ्या निरोगी गायीचं दूध द्या, तेही उकळून.