एमटेक करून चलनं टाकतोय, तुमचंपण असंच हाय काय?

टिळकवाडी_कट्टा
बेळगावच्या उद्यमबागेत एका मशीन शॉपात आहे, नाव नको. व्हीटीयूचा (इथल्याच विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठाचा) एमटेक, मशीन डिझाइन, आणि काम काय तर डिस्पॅचची चलनं (माल पाठवल्याचे कागद) टॅलीत टाकायची, फौंड्रीतनं कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, आली की नग मोजून घ्यायचे. तीन वर्षं झाली. पगार वेळेवर होतो, माणसं वाईट नाहीत, तरी रविवारची संध्याकाळ झाली की पोटात गोळा येतो. परवा एका ड्रॉइंगवर टॉलरन्स (मापात किती फरक चालतो ते) चुकल्यासारखा दिसला, सांगायला गेलो तर मशीन लावून देणारा सेटर सगळ्यांदेखत म्हणतोय, "साहेब, तुम्ही चलन बघा की." पुण्याला जावं तर आई एकटी, सरकारीला कन्नडचा पेपर आडवा येतो (बोलतो चांगलं, लिहिताना गडबडतो). मीच जास्त शहाणपणा करूलालोय काय?

निपाणीकर
भावा, मी एमएस्सी बीएड, तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहितो. मी मालकाला सर म्हणतो आणि मालक मला मास्तर. संध्याकाळी दहावीच्या पोरांना गणित शिकवतो म्हणून डोकं ठिकाणावर हाय, नायतर अवघड होतं.

एचआरवाली
डिग्री जास्त असणं वेगळं आणि आपण इथं वाया जातोय असं वाटत राहणं वेगळं. एर्दोगान आणि बावर या दोघी संशोधकांचा २००९ चा अभ्यास आहे, तुर्कस्तानातल्या कपड्यांच्या दुकानांतल्या सेल्सच्या लोकांवर. ज्यांना आपलं शिक्षण कामापेक्षा जास्त वाटायचं त्यांची विक्री उलट चांगली निघाली, पण समाधान कमी, आणि ज्यांना कामात आपलं काही चालतंय असं वाटत होतं त्यांना तो त्रास कमी झाला. तुमचं दुखणं चलनाचं नाही, "तुम्ही चलन बघा" याचं आहे. पगारवाढीनं ते जायचं नाही, माझं मत.

लेथवाला_काका
मी आयटीआय, २८ वर्षं मशीनवर. सेटरला चारचौघांत चूक दाखवलास तर तो तसंच बोलणार, चहाला गाठायचं होतंस. आणि कस्टमरनं डेव्हिएशन, म्हणजे ठरल्या मापापेक्षा वेगळं चालेल अशी परवानगी, दिलं होतं काय ते विचारलास? एक कर, कास्टिंग तूच मोजतोस न्हवं, मग ब्लोहोलनं (आत हवा अडकून पडलेल्या भोकानं) रिजेक्ट झालेले नग हीट नंबरवार, म्हणजे कुठल्या ओतकामातले ते बघून, लिहून काढ. फौंड्रीवाल्याशी भांडताना मालकाला तोच कागद लागतोय, आणि आमच्यात लिहायचा कंटाळा नाही असा एक माणूस दाखव.

टिळकवाडी_कट्टा
काका, डेव्हिएशनचं खरंच विचारलं नव्हतं. हीट नंबर तर कास्टिंगवरच असतोय, रोज हातात येतो. सोमवारपासून लिहितो. सेटरला चहा मात्र लगेच नाही पाजणार.