भाच्याला फिटच्या गोळीची गंभीर रिअ‍ॅक्शन (एसजेएस): पुढे काय जपायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

भाचा सात वर्षांचा, सांगलीजवळच्या खेड्यात असतो. फिट येतात म्हणून कार्बामाझेपिन सुरू केलं होतं. दोनेक आठवड्यांनी ताप चढला, डोळे लाल, तोंड आलं. मग छातीवर काळपट-लाल डाग, त्यांचे फोड, आणि शर्ट घासला तरी साल निघायची. ओठांवर रक्ताच्या खपल्या, वरणाचं पाणीसुद्धा झोंबायचं. मोठ्या दवाखान्यात निदान झालं: स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम. गोळी त्याच क्षणी बंद. आता घरी आलाय, जेवतोय, भांडतोयही. फिटसाठी आता लेव्हेटिरासिटाम चालू आहे.

डिस्चार्ज कार्डावर 'कार्बामाझेपिन देऊ नये' एवढंच आहे. बाकीची फिटची औषधं चालतात का? रात्री-अपरात्री गावात जे इंजेक्शन हाताशी असेल तेच टोचतील, ताईला त्याचीच धास्ती. शिवाय सकाळी पापण्या चिकटलेल्या असतात, उजेड सोसत नाही. डोळ्यांची तारीख पुढच्या महिन्यातली आहे, तोवर थांबावं का?

(रक्तशुद्धीचे काढे कृपया सुचवू नका. ते नातेवाइकांकडून भरपूर आलेत.)

वॉर्डातली_सिस्टर:
डोळ्यांसाठी अजिबात थांबू नका, उद्याच दाखवा. या आजारात पापणी आतून बुबुळाकडच्या भागाला चिकटू लागते, ते नंतर सोडवणं अवघड जातं.

फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन, ऑक्सकार्बाझेपिन ही कार्बामाझेपिनच्याच घराण्यातली, तीही नकोत. आणि फिटचं इंजेक्शन म्हणून बऱ्याच ठिकाणी फेनिटॉइनच भरतात, म्हणजे ताईची धास्ती खरी आहे. लॅमोट्रिजिननेही एसजेएस होतो, तेही डॉक्टरांना विचारून 'देऊ नये' अशा औषधांच्या यादीत घाला. यादीवर कंपनीचं नाव नको, आतल्या औषधाचं लिहा. एक प्रत दप्तरात, एक शाळेत. याचा एक धागा जनुकांशी जोडलेला आहे, तेव्हा सख्ख्या भावंडांना कधी फिटचं औषध लागलंच तर हा प्रकार आधी सांगायचा.

गाववाला:
सरकारच्या औषध-दुष्परिणाम हेल्पलाइनवर नोंदवा: 1800-180-3024. रुग्णाच्या घरचेही नोंदवू शकतात, फॉर्म मराठीत आहे.

धागाकर्ती:
खूप आभार. ताईला आत्ताच फोन केला, उद्या सकाळच्या एसटीने मिरजेला निघतेय. फिट लांबली तर नाकात मारायला मिडाझोलमचा स्प्रे दिलाय, तो यातला नाही ना?

वॉर्डातली_सिस्टर:
नाही, तो वेगळ्या घराण्यातला. जवळ असू द्या.