बाईंचा सत्कार आणि पार्किंगमधली झोळी

आमच्या पुण्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवर झालेली ही चर्चा. नावांच्या जागी फ्लॅट नंबर ठेवलेत. टँकरचे निरोप, सुप्रभातची फुलं आणि जावयाला पाठवायचा एक मेसेज चुकून इकडे आला होता, तेवढं गाळलंय.

सेक्रेटरी: सर्व सभासदांस नमस्कार. ५ सप्टेंबरला शिक्षकदिनानिमित्त सी-४०३ च्या बाईंचा सत्कार करायचं कमिटीने ठरवलं आहे. शाल, श्रीफळ, मानपत्र, अल्पोपाहार. फ्लॅटमागे २०० रुपये खजिनदारांकडे जमा करावेत.

बी-१०२: वा! मानपत्र मी लिहिते.

ए-२०४: पैसे देतो. पण विषय निघालाच आहे तर बोलतो. बाईंचा पार्किंगमधला वर्ग संध्याकाळी साडेसहाला सुरू होतो तो आठपर्यंत चालतो. पाढे थेट माझ्या बेडरूममध्ये. परवा ऑफिसच्या कॉलवर साहेबांनी विचारलं, हे नऊ त्रिक सत्तावीस कोण म्हणतंय?

बी-३०१: काका, त्यात माझीही मुलगी असते बरं का. इंग्लिश मीडियमची. भाजीवाला एकोणसाठ म्हणाला की ही सिक्स्टी नाइन समजायची. आता सुटे मोजून आणते.

ए-१०१: त्यावरून आठवलं. २०१९ ला दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस', 'बाहत्तर'ला 'वीस एक', 'सत्तर दोन' आलं तेव्हा याच ग्रुपवर केवढा गदारोळ झाला होता. मराठी बुडाली म्हणून मीच तीन मेसेज टाकले होते. बाईंनी एवढंच लिहिलं होतं की ज्या पोराच्या घरी कुणी शाळेची पायरी चढलेलं नाही, ते त्र्याहत्तर ऐकून ३७ लिहितं. त्याला आधी धरायला काहीतरी द्या, त्र्याहत्तर मी मागाहून शिकवीन. मी गप्प बसलो. पूर्ण पटलेलं मात्र आजही नाही.

बी-१०२: शाल कुठल्या रंगाची आणू या?

सी-४०३ (मुलगा): शाल नको काकू. कपाटात अकरा आहेत, डांबराच्या गोळ्यांसकट.

सेक्रेटरी: मग घड्याळ?

ए-१०१: हा मेसेज डिलीट केला आहे.

ए-२०४: वाचला मी तो.

बाई: पायामुळे मी चार दिवस खाली उतरले नाही. वर्ग बी-३०१ घेते आणि हजेरी मला रोज पाठवते. वॉचमनची थोरली चारही दिवस गैरहजर आहे. का?

बी-३०१: बरं नसेल बाई.

बाई: विचारलंस?

बी-३०१: नाही.

सेक्रेटरी: बाई, आधी सत्काराचं ठरवून घेऊ या का?

बाई: ते नंतर.

बी-१०२: तिची आई सोमवारपासून माझ्याकडे पोळ्यांना येते. आणखी दोन घरंही धरलीत तिने.

बाई: किती वाजता?

बी-१०२: सहा ते आठ.

बाई: मग धाकट्याला कोण बघतं?

(इथे अकरा मिनिटं कुणी काही लिहिलं नाही. आमच्या ग्रुपवर हे नवल.)

सी-४०३ (मुलगा): हे 'धाकट्याला कोण बघतं' मी जन्मापासून ऐकतोय. आई १९६९ ला पाटोदा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत लागली, २००५ ला निवृत्त झाली. बीडकडचं ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दसरा-दिवाळी झाली की मुकादम ऊसतोडीसाठी उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेल्या जोड्या गोळा करतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. ट्रक भरून कोल्हापूर, सांगली, पार कर्नाटकापर्यंत जायचे, ते उन्हाळ्यात परत. बरोबर आठ-दहा वर्षांची पोरगी न्यायची, कारण आई उसाच्या फडात गेली की कोपीवर, म्हणजे झोपडीत, तान्हं कोण सांभाळणार? पोरगा आजीपाशी राहून शाळा करायचा, पोरगी जायची. दिवाळीनंतर आईच्या वर्गातल्या मुली मोजायला एक हात पुरायचा.

ट्रक निघायच्या आदल्या रात्री आई कंदील घेऊन घरोघर जायची. बहुतेक दारात काही उपयोग व्हायचा नाही. मानपत्रात देवीबिवी करून टाकाल म्हणून हेही सांगून ठेवतो. मी तिसरीत असताना दोन बहिणींना मात्र घेऊन आली. दिवाळी ते अक्षय्य तृतीया आमच्याकडे. वडील एसटीत कंडक्टर, सदा मुक्कामी गाडीवर, त्यामुळे रांधणं सगळं आजीच्या गळ्यात. दोन काकांची शिक्षणं आईच्या पगारातून चालली होती, त्यात ही दोन ताटं. मला माझी गोधडी द्यावी लागली. तो राग अजून आहे. थोरली पुढे नर्स झाली, दिवाळीला फोन करते. धाकटी दुसऱ्या वर्षी फडात गेली ती गेलीच. तिचं नाव आई काढत नाही.

१९९५ ला शाळेत महिन्याला तीन किलो तांदूळ सुरू झाला, ऐंशी टक्के हजेरी असेल त्यालाच. सगळे म्हणायचे, बाई, लावून टाका हजेरी, कोण बघतंय. तिने लावली नाही. खोटी हजेरी लावली तर पोरगी शाळेतून गेलीय हे कागदावर दिसणारच नाही, म्हणायची. आणि ज्या म्हातारीने नातीला मागे ठेवून घेतलं, पण शेळ्यांमागे धाडलं, तिच्याकडे तांदूळ आमच्या डब्यातून गेला. मी कॉलेजातून सुट्टीला आलो तर घरात भाकरीच भाकरी.

शाळेत मी तिला बाईच म्हणायचो, अजून घरी कधी कधी तेच तोंडात येतं.

बाई: फार लिहिलं त्याने. गोधडी जुनी होती.

बी-१०२: बाई, मला अगदी कसंतरीच झालं. पण पोळ्या मला संध्याकाळीच लागतात हो. ह्यांना सकाळच्या चालत नाहीत.

बाई: तिचं काम काढू नका. तिला पैसे हवेतच. दोन वर्षांपूर्वी कोयता टाकून आलेत ते इकडे, उचलीचे पैसे अजून फेडताहेत.

ए-१०१: मला वाटायचं आष्टीकडे वॉचमनची शेती आहे.

बाई: आहे. कोरडवाहू दीड एकर.

खजिनदार: सत्काराची वर्गणी त्या कुटुंबाला दिली तर?

बाई: वर्गणी एकदा जमते. मूल रोज रडतं. बी-३०१, तिला सांग धाकट्याला घेऊनच वर्गात ये. झोळी बांधू. माझ्या शाळेच्या पडवीत दोन असायच्या. ज्याचा पाढा चुकेल त्याने झोका द्यायचा, असा नियम. पुढे पुढे पोरं मुद्दाम चुकायला लागली, तेव्हा उलटा केला.

सी-४०३ (मुलगा): विस्तार अधिकाऱ्यांनी तपासणीला आल्यावर शेरा मारला होता, शाळेची बालवाडी झाली आहे. आईने खाली पट आणि हजेरी लिहून सही केली.

ए-२०४: एक विचारू? बाळ रडलं तर?

बाई: रडेल.

ए-२०४: नाही, म्हणजे माझे कॉल.

बाई: किती वाजता असतात?

ए-२०४: सात ते आठ.

बाई: मग पाढे सातच्या आत. सातनंतर शुद्धलेखन. लिहिताना आवाज होत नाही. बाळाची हमी मी देत नाही.

सेक्रेटरी: झोळी कशाला बांधणार? बीमला भोक पाडायचं तर कमिटीची परवानगी लागेल.

ए-१०१: कमिटी म्हणजे तुम्हीच ना?

ए-२०४: साधा हूक चालणार नाही, वजनाने उपसेल. अँकर लागेल. ड्रिल आहे माझ्याकडे. उद्या सकाळी दहाला करतो. सेक्रेटरींनी शिडी आणावी.

बी-१०२: कापड? माझ्याकडे एक चादर आहे.

बाई: चादर नको, घसरते. माझं जुनं नऊवारी आहे सासूबाईंचं, सुती. गाठ मी बांधणार. तुमच्या गाठींवर माझा भरवसा नाही.

सेक्रेटरी: पण बाई, पाय? चार मजले, त्यात लिफ्ट नाही. खुर्ची घेऊन दोघं येऊ का?

सी-४०३ (मुलगा): खुर्चीत बसणार नाही ती. कठडा धरून उतरेल. कुणीतरी पुढच्या पायरीवर असा, म्हणजे झालं.

सेक्रेटरी: आणि सत्कार?

बाई: आठनंतर, पाच मिनिटं. नारळ द्या, चटणीला होतो.

बी-१०२: मानपत्राचा मसुदा झालाय. इथे टाकू का?

बाई: मला वेगळा पाठवा. सगळ्यांसमोर नको.

(सोमवार, रात्री सव्वाआठ)

बी-३०१: आजची हजेरी. पट १३, हजर १३. वॉचमनची थोरली आली. धाकटा झोळीत दहा मिनिटं झोपला, मग रडला.

ए-२०४: ऐकलं.