मायनॉट, नॉर्थ डकोटा : रेल्वेने वसवलेल्या या गावात घर घेताना काय पाहावे?

शाहूपुरीकर

सर्वांना नमस्कार. माझी धाकटी मुलगी परिचारिका आहे. तिला अमेरिकेतील नॉर्थ डकोटा राज्यात मायनॉट या गावी नोकरी मिळाली असून येत्या सप्टेंबरात ती आणि जावई तिकडे राहायला जाणार आहेत. नकाशात पाहिले, तर हे गाव कॅनडाच्या सीमेपासून साधारण ८० किलोमीटर दक्षिणेला आहे आणि चारही बाजूंना माळाशिवाय काही दिसत नाही. लोकसंख्या सुमारे ४८ हजार, म्हणजे आपल्या जयसिंगपूरच्या आसपासची. अशा ओसाड माळावर एवढे गाव कशासाठी वसले असावे, हा माझा पहिला प्रश्न आहे.

दुसरा प्रश्न मला अधिक टोचतो आहे. एजंटाने त्यांना भाड्याची दोन घरे सुचवली आहेत. एक गावाच्या मध्यभागी, नदीजवळ, जुने लाकडी आणि कमी भाड्याचे. दुसरे दक्षिणेकडच्या टेकडीवर, बऱ्याच जास्त भाड्याचे. मुलीचा कल पहिल्या घराकडे आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या घरात कमरेइतके पाणी चढले होते आणि त्यानंतर दोनदा रंग दिला, तरी बैठकीच्या खोलीतली ती मातकट रेघ दर पावसाळ्यात ओल धरून पुन्हा वर येते. त्यामुळे ‘नदीजवळ’ हा शब्द कानावर पडला की माझे मन तिथेच अडते. तेथील नदीला पूर येतो का आणि घर निवडताना काय विचारावे, हे जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

मिरज_लोकोशेड

शाहूपुरीकर साहेब, मी मिरजेत रेल्वेच्या नोकरीत बत्तीस वर्षे काढली आणि जगभरच्या रेल्वेमार्गांविषयी वाचत राहण्याची सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. सर्वांत आधी एक सांगतो. मायनॉट माळाने वेढलेले असले, तरी त्याचा जुना भाग माळावर नसून माळात खोल गेलेल्या सूरिस नदीच्या खोऱ्यात आहे, आणि आपल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे याच एका गोष्टीत आहेत.

१८८६ साली जेम्स जे. हिल या रेल्वे-उद्योजकाची रेल्वे पश्चिमेकडे रूळ टाकीत या खोऱ्यात उतरली. तेव्हा कंपनीचे नाव ‘सेंट पॉल, मिनिआपोलिस अँड मॅनिटोबा’ असे होते. ‘ग्रेट नॉर्दर्न’ हे नाव नंतरचे. खोऱ्यातून पश्चिमेला बाहेर पडताना गॅसमन कूली नावाची रुंद घळ आडवी येते. तिच्यावर पूल बांधल्याशिवाय रूळ पुढे जाणार नव्हते आणि हिवाळा तोंडावर आला होता. काम तिथेच थांबले. कामगारांमागोमाग खानावळवाले, दुकानदार, दारूचे गुत्तेवाले आणि जमिनीचे दलाल आले आणि पाहता पाहता तंबूंचे गाव उभे राहिले. पाचच महिन्यांत वस्ती पाच हजारांवर गेल्याचे सांगतात, म्हणूनच त्याला आजही ‘मॅजिक सिटी’ म्हणतात. १८८७ च्या जुलैत तेथे रीतसर नगरपालिका झाली. गावाला नाव मिळाले ते हेन्री मायनॉट या रेल्वेच्या गुंतवणूकदाराचे. हे गृहस्थ पक्ष्यांचे अभ्यासक आणि पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेल्या थिओडोर रूझवेल्ट यांचे विद्यार्थिदशेतील मित्र होते. १८९० साली ते रेल्वे अपघातातच गेले.

घळीवर पूल झाला आणि १८८७ च्या एका हंगामात मायनॉटपासून मोंटानातील ग्रेट फॉल्सपर्यंत ५०० मैलांहून अधिक लांबीचा मार्ग टाकून झाला. मिरजेहून मुंबईला जाऊन परतीची निम्म्याहून अधिक वाट पुन्हा चालावी, एवढे हे अंतर आहे. आपल्या मिरज–कोल्हापूर मार्गाचे काम १८८८ मध्ये सुरू होऊन गाडी १८९१ मध्ये धावली आणि तो मार्ग पन्नास किलोमीटरही नाही, हे लक्षात घेतले म्हणजे त्या वेगाची कल्पना येते. अर्थात तिकडे सपाट माळ होता आणि हाताशी हजारो मजूर व घोडे होते.

पूल झाल्यावरही गाव उठले नाही, याचे कारण वाफेचे इंजिन. त्या इंजिनाला पाणी आणि कोळसा वारंवार लागे, ठरावीक अंतरावर ड्रायव्हर-फायरमनची पाळी बदलावी लागे आणि नादुरुस्त इंजिन आत घ्यायला शेड लागे. कोरड्या माळावर ज्या ठिकाणी बारमाही पाणी आहे तेच ठाणे होणार. १८९३ मध्ये सू लाइन ही दुसरी रेल्वे गावातून कॅनडाच्या सीमेकडे गेली आणि मायनॉट आपल्या मिरजेसारखे जंक्शन झाले. शिकागोहून पॅसिफिक किनाऱ्याकडे जाणारी ‘एम्पायर बिल्डर’ ही प्रवासी गाडी आजही तेथे थांबते. तिचे नाव हिल यांच्याच बिरुदावरून ठेवलेले आहे. बाकी सगळी वर्दळ मालगाड्यांची, त्यांतून गहूही जातो. पास्ता ज्या गव्हापासून करतात तो ड्युरम, म्हणजे आपल्याकडचा बन्सी, अमेरिकेत सर्वाधिक पिकतो तो याच राज्यात.

पंचगंगा_घाट

मी पाटबंधारे खात्यात होतो, त्यामुळे पुराविषयी लिहितो. मिरजकरांनी मुद्दा अचूक मांडला आहे. पाण्यासाठी गाव खोऱ्यात बसले आणि खोऱ्यात बसल्याची किंमत त्याला पुढे मोजावी लागली.

सूरिस नदीला स्थानिक लोक माउस रिव्हर म्हणतात. फ्रेंच भाषेत ‘सूरिस’ म्हणजे उंदीरच. ती कॅनडात उगम पावते, दक्षिणेला वळून मायनॉटमधून वाहते आणि मोठे वळण घेऊन पुन्हा कॅनडात जाते. पावसाळ्यात राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले आणि अलमट्टीतून किती विसर्ग चालू आहे, याकडे आपण जसे डोळे लावून बसतो, तसे मायनॉटकरांचे लक्ष सीमेपलीकडच्या रॅफर्टी आणि अलामेडा या धरणांकडे आणि सीमेच्या अलीकडच्या लेक डार्लिंग या जलाशयाकडे असते. २०११ साली बर्फ भरपूर पडले होते, ते वितळून जमीन भिजलेली होती आणि धरणे भरलेली होती. त्यातच मे-जूनमध्ये कॅनडाच्या बाजूला मोठा पाऊस झाला. पाणी साठवायला जागाच उरली नाही. २२ जूनला भोंगे वाजवून सुमारे ११ हजार लोकांना, म्हणजे जवळजवळ पाव गावाला, घरे सोडायला सांगण्यात आले. पुराचा कळस २७ हजार क्युसेकच्या आसपास होता आणि चार हजारांहून अधिक घरांत पाणी शिरले.

मला यातली एक गोष्ट फार विचारात पाडते. त्याआधीचा सर्वांत मोठा ज्ञात पूर १८८१ चा होता, म्हणजे गाव वसण्याच्या पाच वर्षे आधीचा. तंबू ठोकणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो पाहिलेला नव्हता. २०११ चे पाणी त्या पातळीच्याही तीन फुटांहून अधिक वर गेले.

पुरानंतर तेथे नवे बांध आणि काँक्रीटच्या पूररोधक भिंती बांधण्याचे मोठे काम हाती घेण्यात आले, नदीलगतची अनेक घरे विकत घेऊन पाडण्यात आली आणि हे काम टप्प्याटप्प्याने होत आहे. म्हणून मुलीला सांगा, की ‘पूर येतो का’ असा मोघम प्रश्न विचारू नये. या घरात २०११ मध्ये पाणी कुठपर्यंत आले होते आणि हे घर आज पूर्ण झालेल्या बांधाच्या आत आहे की बाहेर, हे दोन प्रश्न लेखी विचारावेत. शिवाय अमेरिकेत घराच्या नेहमीच्या विम्यात पुराचे नुकसान येत नाही, त्याचा विमा वेगळा काढावा लागतो. २०११ मध्ये मायनॉटमध्ये फारच थोड्या घरांचा तो काढलेला होता. भाडेकरूलाही आपल्या सामानापुरता हा विमा घेता येतो.

कळंबा_ते_डकोटा

काका, मी मूळची कळंब्याची. यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही मायनॉटमध्ये चार हिवाळे काढले आहेत, तेव्हा ताईसाठी घरातल्या गोष्टी सांगते.

तेथील बहुतेक घरांना तळघर असते. हिवाळ्यात जमीन चार-पाच फूट खोल गोठते आणि पाया त्याच्याही खाली न्यावा लागतो; एवढे खणलेच आहे, तर तिथे खोली का करू नये, असा तो हिशेब. पाणी तापवण्याची टाकी, घर गरम ठेवणारी भट्टी, कपडे धुण्याचे यंत्र, हे सगळे बहुधा तळघरातच. त्यामुळे पूर आला की घरातली सर्वांत महाग वस्तू सर्वांत आधी बुडते. खोऱ्यातले घर पाहताना ताईने आधी तळघरात उतरावे, भिंतीच्या खालच्या भागावर हात फिरवावा, जुना वास येतो का पाहावे आणि भट्टी कोणत्या सालची आहे ते तिच्यावरच्या पत्र्यावर वाचावे. आमच्या पहिल्या घरातल्या भट्टीवर २०११ च्या नंतरचे साल होते आणि घरमालकाने पुराचा विषय एकदाही काढला नव्हता. शेजारच्या आजींनी सांगितले तेव्हा आम्हाला उलगडा झाला.

थंडीविषयी घाबरू नका, पण हलक्यातही घेऊ नका. जानेवारीत रात्रीचे तापमान शून्याखाली १७-१८ अंश असणे नेहमीचे आहे आणि काही रात्री ते शून्याखाली ३० पर्यंतही उतरते. तिकडच्या मोटारींच्या तोंडातून विजेचा एक लहानसा प्लग बाहेर लोंबत असतो, तो पाहून मी पहिल्यांदा चकित झाले होते. इंजिनात हीटर बसवलेला असतो आणि रात्री तो प्लग घराच्या भिंतीवरच्या सॉकेटला जोडून ठेवला, तरच सकाळी गाडी विनातक्रार सुरू होते. घर पाहताना गाडी लावण्याच्या जागेजवळ असे सॉकेट आहे का, हे जरूर पाहावे. रात्रपाळी करून आलेल्या परिचारिकेसाठी ही फार महत्त्वाची गोष्ट आहे.

आणखी एक. कोल्हापूर आणि मायनॉट यांच्या घड्याळात हिवाळ्यात साडेअकरा तासांचे अंतर असते आणि उन्हाळ्यात साडेदहा. आपली आरती होते तेव्हा तिकडे सकाळचा चहा होतो, त्यामुळे काकूंना रोज बोलता येईल.

माळावरचा_वाटसरू

मूळ प्रश्नातील ‘ओसाड’ या शब्दापुरते लिहितो. रेल्वे येण्यापूर्वी हा मुलूख रिकामा नव्हता. मायनॉटच्या दक्षिणेला आणि नैर्ऋत्येला मिसूरी नदीच्या काठी मॅन्डन, हिदात्सा आणि अरिकारा हे लोक मातीची मोठी घुमटाकार घरे बांधून शतकानुशतके मका, घेवडा, भोपळा आणि सूर्यफूल पिकवीत होते. त्यांच्या वाट्याला उरलेली जमीनही सुटली नाही. मिसूरीवरच्या गॅरिसन धरणासाठी तीतील दीड लाख एकरांहून अधिक जमीन घेतली गेली. १९४८ मध्ये करारावर सही होताना या लोकांच्या परिषदेचे अध्यक्ष जॉर्ज जिलेट हाताने चेहरा झाकून रडत आहेत, असे छायाचित्र आजही उपलब्ध आहे. धरणग्रस्त हा शब्द आपल्याकडे ज्या घरांत उच्चारला जातो, त्या घरांना हे छायाचित्र समजावून सांगावे लागणार नाही. ताईंच्या रुग्णालयात या समाजाचे रुग्ण येतील, म्हणून हे आवर्जून लिहिले.

मिरज_लोकोशेड

वाटसरू यांनी योग्य दुरुस्ती केली, आभारी आहे. घर रुळांच्या किती जवळ आहे, हेही पाहावे, असे मला वाटते. १८ जानेवारी २००२ रोजी मध्यरात्रीनंतर मायनॉटच्या पश्चिमेला ११२ डब्यांच्या मालगाडीचे ३१ डबे घसरले. त्यांतील काही टाक्यांमध्ये शेतीला खत म्हणून देण्यात येणारा निर्जल अमोनिया होता. पाच टाक्या फुटल्या, वायूचा ढग गोठलेल्या हवेत जमिनीलगत पसरला, एकाचा मृत्यू झाला आणि शेकडो लोकांना त्रास झाला. चौकशीत कारण निघाले ते रुळांच्या सांध्यावरच्या फिशप्लेटला, म्हणजे दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीला, गेलेली आणि तपासणीत न सापडलेली चीर. कडक थंडीत रूळ आकसतात आणि सगळा ताण सांध्यावर येतो. आमचे गँगमन पहाटेच्या गस्तीला हातोडी घेऊन का फिरत, हे ज्याने पाहिले आहे त्याला ते लगेच कळेल. बर्फाच्या कारखान्याजवळ राहणाऱ्यांना अमोनियाचा झोंबरा वास ठाऊक असतो. तसा वास आला तर बाहेर धावू नये, दारे-खिडक्या आणि घरात हवा ओढणारे पंखे बंद करून आतच थांबावे आणि नाकातोंडावर ओले फडके धरावे, एवढे ताईंना सांगून ठेवा.

शाहूपुरीकर

आपण सर्वांनी एवढ्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. ‘ओसाड’ हा शब्द मी मागे घेतो. हा सर्व मजकूर मुलीला वाचून दाखवला. तिने पंचगंगा_घाट यांचे दोन्ही प्रश्न एजंटाला लेखी पाठवले, तेव्हा उत्तर आले, की २०११ मध्ये तळघर पूर्ण भरून तळमजल्याच्या खिडकीपर्यंत पाणी होते आणि तेथील बांधाचे काम अजून व्हायचे आहे. काल तिने टेकडीवरच्या घराची अनामत भरली. भाडे जास्त आहे, त्यातला काही भार पहिले वर्षभर मी उचलीन, असे तिला सांगितले आहे. गाडीच्या हीटरची वायर इकडून सामानात घालावी का, एवढेच आता विचारायचे राहिले आहे.

कळंबा_ते_डकोटा

नको काका. तिकडे वीज १२० व्होल्टची आहे आणि प्लगही वेगळा, त्यामुळे आपली वायर चालणार नाही. तिथल्या हार्डवेअरच्या दुकानात थंडीत ताठ न होणारी जाड वायर मिळते. भिंतीवरच्या सॉकेटपासून गाडीच्या तोंडापर्यंतचे अंतर आधी मोजावे आणि ऑक्टोबर संपण्यापूर्वी घेऊन ठेवावी.